भुसारीकाकांचा वर केलेला हात

हिंदी मुलखातल्या आमच्या अधारतालच्या गल्लीत स्वयंपाकाचा गॅस आणखी किती दिवस पुरेल हे सांगणारा एकच माणूस होता, भुसारीकाका. कुणी बोलावलं की ते स्वयंपाकघरात येत, चष्मा कपाळावर सरकवत आणि मधल्या बोटाने सिलिंडरच्या अंगावर टकटक करत वरून खाली जात. आवाज बदलला की बोट थांबायचं आणि लगेच निकाल लागायचा. "शुक्रवारपर्यंत टेन्शन घेऊ नका, वहिनी." आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा आमच्याही सिलिंडरचा असा निकाल लागला आणि गॅस गुरुवारी सकाळी, नेमकी पोह्यांची फोडणी तडतडत असताना संपला. बायकोने कपडे वाळत घालता घालता ही बातमी शेजारच्या अंगणात काकांना सांगितली. काकांनी झाडांना पाणी घालायची झारी खाली ठेवली, उजवा हात सरळ वर केला आणि मोठ्याने म्हणाले, "माझी!" मग हात खाली घेतला आणि पुन्हा झारी उचलली. बायको आत येऊन म्हणाली, "शेजारी जरा वेगळेच दिसतात."

त्या ‘माझी’चा अर्थ मला आठवड्याभराने कळला, आणि तोही भांडायला गेलो असताना.

काकांनी उभी नोकरी खमरियाच्या फॅक्टरीत केली होती. नोकरीच्या बसमध्ये मांडीवरच्या डब्यावर ते तबल्याचा रियाज करत. त्या डब्याला एका बाजूला पोचा पडला होता आणि तो ते आल्यागेल्याला कौतुकाने दाखवत. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या गच्चीवर पत्र्याची खोली बांधली आणि मुलांचा क्लास काढला. तबला आणि सतार, दोनच वाद्यं. सतार ते स्वतः कधी मैफलीत वाजवत नसत, पण शिकवण्यापुरती त्यांना चोख येत होती. पत्र्याखाली चार तबले एकदम सुरू झाले की आमच्या घरातल्या चमच्यांनाही कंप सुटायचा. मी बँकेचं काम घरी घेऊन बसलो होतो आणि बेरीज तिसऱ्यांदा चुकल्यावर तडक वर गेलो.

"काका, जरा हळू..." एवढंच मी म्हणालो.

"या, बसा," काका म्हणाले. "ओजस, यांना जागा दे. टाळी द्या साहेब. सोळा मात्रा. नवव्या मात्रेला टाळी नाही, नुसता हात बाजूला करायचा. चलो."

मी भांडायला आलो आहे हे सांगायची सोयच राहिली नाही. दहा-बारा मुलं माझ्याकडे बघत होती. मी टाळी द्यायला लागलो आणि नवव्या मात्रेला, जिथे टाळी द्यायची नव्हती, तिथेच दणदणीत दिली. वाजवणं थांबलं. कुणी हसलं नाही. सगळे वाट बघत राहिले. शेवटी सतार घेऊन बसलेला ओजस हळूच माझ्या कानाशी म्हणाला, "अंकल, हाथ ऊपर करके ‘माझी’ बोलना पड़ता है."

तर असं होतं ते. चूक ज्याची, त्याने हात वर करून ‘माझी’ म्हणायचं. ‘चूक’ हा शब्द क्लासमध्ये कधीच गळून पडला होता. मग बाकीचे सगळे एका आवाजात ओरडत, "परत!" आणि जिथे चुकलं तिथूनच पुन्हा सुरुवात. एरवी आपल्याकडे हात वर करणं म्हणजे जबाबदारी झटकणं. काकांच्या गच्चीवर ते बरोबर उलटं होतं. मी हात वर केला, ‘माझी’ म्हणालो, मुलं ‘परत’ म्हणून किंचाळली आणि मी पुन्हा नवव्या मात्रेला टाळी दिली. त्या दिवशी माझी बेरीज तशीच राहिली. पण पुढच्या सगळ्या शनिवारी मी वर जाऊन बसायला लागलो. माझी टाळी मात्र आजतागायत सुधारलेली नाही, आणि हे गावभर माहीत आहे.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी काका खव्याची जिलबी आणत. पहिली जिलबी ज्याचा हात महिनाभरात सर्वांत जास्त वेळा वर गेला त्याला. यातली गोम छोट्या पोरांच्या लगेच लक्षात आली. जिलबीच्या आठवड्यात गच्चीवर चुकांना नुसता ऊत यायचा. पण काकांना खोटी चूक ताबडतोब ऐकू यायची. "ठेव हात खाली. तू चुकला नाही, तू चुकवलं," ते म्हणत. "खऱ्या चुकीला घाम असतो बेटा." असली वाक्यं ते तोंडात सुपारी धरून, इतक्या सहज बोलत की ऐकणाऱ्याला ती मोठी वाटतच नसत.

त्यांचा दुसरा नियम त्याहून कडक. तबला शिकणाऱ्या प्रत्येकाला वर्षभर सतारीवर लहरा धरायला लागायचा. लहरा म्हणजे तबलजी एकटा वाजवत असताना शेजारी बसून तीच एक सुरावट पुन्हा पुन्हा वाजवत राहणं. वाजवणारा कितीही उधळला तरी लहरा हलत नाही. पहिल्या मात्रेचं घर, म्हणजे सम, तोच दाखवतो. टाळ्या तबलजीला मिळतात, लहरेवाल्याकडे कुणी बघतही नाही. आणि सतार शिकणाऱ्याला तसाच वर्षभर दुसऱ्यासाठी साधा ठेका धरायला लागायचा. आता मोबाइलमध्ये लहरा मिळतो. एका मुलाने तो लावला तेव्हा काकांनी फोन उचलून कानाशी धरला, भक्तिभावाने ऐकला आणि परत दिला. "छान आहे. पण हा चुकत नाही रे. याला तुझी काळजी कशी वाटणार?"

या क्लासमधून दोन मुलं तयार झाली. मुक्ता खमरियाहून यायची, आधी बसने, मग स्कूटीने. बारीक चणीची, तोंडाची फटकळ, आणि डाव्या हाताला असं वजन की तिचा डग्गा खालच्या मजल्यावर पोटात जाणवायचा. ओजस विजय नगरचा. त्याला मराठी सगळं कळे, पण बोलताना गाडी हिंदीच्या रुळावर जाई. तो सतार जुळवायला इतका वेळ घ्यायचा की मुक्ता तेवढ्यात चहा पिऊन यायची. दोघं एकमेकांशी सतत भांडत आणि वाजवायला बसले की एका जिवाचे होत. मला सुरातलं ओ की ठो कळत नाही. पण ती दोघं समेवर एकत्र आली की माझ्या अंगावर काटा यायचा, आणि मी काकांकडे बघायचो तर त्यांचं लक्ष माझ्या हातावर असायचं.

काकांचं दुखणं एकच होतं. आमच्या मराठी मंडळाचा वार्षिक संगीताचा कार्यक्रम असतो. मोठे कलाकार बाहेरून येतात, ते यायलाच हवेत. पण गावातल्या मुलांना दहा मिनिटं मिळत, तीही पाहुण्यांचे हार सापडेपर्यंत. एका वर्षी मुक्ता ऐन रंगात असताना पाहुण्यांची गाडी आली आणि तिला हाताला धरून उठवलं. निवेदक मीच होतो, उठवणाराही मीच. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी घरी जाऊन मंडळाला अर्ज लिहिला: मुलांना संध्याकाळच्या मुख्य कार्यक्रमात पूर्ण बैठक द्यावी. पुढच्या वर्षी पुन्हा तोच अर्ज. दर वर्षी तोच मजकूर, तेच वळणदार अक्षर. सचिव तो अर्ज बघून म्हणत, "भुसारी जी, विचार करून राहिलो आम्ही."

आणि एका वर्षी सचिवांनी खरंच विचार केला. स्वतः गच्चीवर आले. "चाळीस मिनिटं देतो. संध्याकाळी, पाहुण्या कलाकाराच्या आधी. जमलं तर दर वर्षी. नाही जमलं तर मुलं पुन्हा दहा मिनिटांवर, आणि मग अर्ज बंद." काका इतके खूश झाले की त्यांनी सचिवांच्याच खांद्यावर दोन बोटांनी ठेका धरला. जाता जाता सचिव जिन्यात थांबले. "एक सांगतो, राग मानू नका. ते हात वर करणं, ‘माझी’ म्हणणं, ते स्टेजवर नको. बाहेरचे लोक असतात. हसं होईल."

काकांनी ठेका धरलेली दोन बोटं मुठीत मिटली. मग म्हणाले, "बरोबर आहे."

त्या शनिवारी त्यांनी मुलांना सांगितलं की मंचावर हात वर करायचा नाही. चुकलं तर पुढे निघून जायचं. "काहून सर?" मुक्ताने विचारलं. "आपल्याला पुढच्या वर्षीही वाजवायचं आहे म्हणून," काका म्हणाले. मुलं गेल्यावर ते जिन्याच्या पायरीवर बसले. मी शेजारी बसलो. त्यांनी स्वतःहून सांगितलं.

"मी पंचविशीत होतो. भरलेली बैठक. माझा तबला, आणि लहऱ्याला एक म्हातारे हार्मोनियमवाले. देवमाणूस. मी जोरात एक तिहाई घेतली, म्हणजे तोच तुकडा तीनदा, आणि सम चुकली. माझी चुकली. आणि मी काय केलं माहीत आहे? मी त्यांच्याकडे वळून बघितलं. असं, भुवया चढवून. लोकांना वाटलं, म्हाताराच चुकला. आमच्या धंद्यात ही जुनी खोड आहे. तोंडाने खोटं बोलायला लागत नाही, नुसतं बघितलं की झालं. त्यांनी नुसती हार्मोनियम बंद केली, पेटीत ठेवली. पुन्हा कधी माझ्याबरोबर बसले नाहीत. मी माफी मागायला जाणार होतो. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो, आणि ते वारले." काकांनी सुपारीची डबी उघडली आणि तशीच मिटली. "आता मीच पोरांना सांगून राहिलो, हात वर करू नका."

मला फार वाईट वाटलं. पण मीही काही बोललो नाही, कारण चाळीस मिनिटं मलाही हवी होती.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल खच्चून भरला. क्लासची सगळी छोटी पोरं पहिल्या रांगेपुढे सतरंजीवर, ओळीने. काका पडद्याआड, स्टुलावर, नव्या झब्ब्यात. मी नाव पुकारलं तेव्हा माझाच आवाज फाटला. ओजसने सतार जुळवायला घेतली आणि त्या दिवशी, देवाची कृपा, लवकर संपवली.

पहिली वीस मिनिटं ओजसची. त्याने यमन मांडला आणि मुक्ताने इतका शहाण्यासारखा ठेका धरला की मला ती आजारी आहे की काय असं वाटलं. हळूहळू लय चढली. ओजसची बोटं सतारीच्या पडद्यांवरून धावत होती, मुक्ता हसत हसत त्याला उत्तर देत होती आणि मागच्या रांगेतली माणसं पुढे येऊन उभी राहायला लागली. पाहुणे कलाकार स्वतः विंगेत येऊन ऐकत होते! मी घड्याळ बघायचं सोडून दिलं. मग मुक्ताची बारी. ओजसने लहरा धरला आणि ती सुटली. काय वाजवलं तिने! हॉलमधल्या खुर्च्यांचे हात थरथरत होते. दर समेला लोकांच्या तोंडून ‘वा’ निघत होतं, आणि त्यात माझंही असायचं, किंचित उशिरा.

शेवटी तिने चक्रदार सुरू केला. एकच लांब बोल तीनदा वाजवायचा, मध्ये मोजून दम, म्हणजे रिकामी जागा, सोडायचा आणि तिसऱ्याचा शेवटचा ‘धा’ नेमका समेवर टाकायचा. पहिला झाला. दुसरा झाला. लोक पुढे सरकून बसले. आणि पोरगी उत्साहाच्या भरात एक दम गिळून गेली. ‘धा’ पडला, जोरदार पडला, आणि ओजसच्या सतारीची सम त्यानंतर एका मात्रेने एकटीच आली.

मला कळलं, म्हणजे सगळ्यांनाच कळलं. आणि मुक्ताने ओजसकडे बघितलं.

नुसतं बघितलं. मान किंचित वळली, बस. पण तिच्याबरोबर अख्खा हॉल ओजसकडे बघायला लागला. पुढच्या रांगेत एका जाणकारांनी चुकचुकत मान हलवली. ओजसचे कान लाल झाले. त्याने मान खाली घातली, पण लहरा सोडला नाही; तीच सुरावट, त्याच जागेवर, न हलता. मी पडद्याआड काकांकडे पाहिलं. ते स्टुलावरून उठले होते. चाळीस मिनिटं संपायला दोन मिनिटं होती. ती नमस्कार करून उठली असती तरी टाळ्यांमध्ये सगळं झाकलं गेलं असतं, आणि चूक ओजसच्या नावावर राहिली असती.

मुक्ताचा उजवा हात तबल्यावरून उठला आणि सरळ वर गेला. समोरच्या माइकमध्ये तिचा आवाज खणखणीत आला.

"माझी!"

सचिव अर्धे उठले. एवढ्यात सतरंजीवरची ती सगळी पोरं, सवयीनेच, जिवाच्या आकांताने ओरडली, "परत!"

लोकांना आधी कळेना. मग कुणीतरी हसलं, मग सगळेच, आणि मागून एक बाई ओरडल्या, "हो हो, परत!" ओजसने मान वर केली आणि असा काही हसला की बस. लहरा चालूच होता. पोरांनी टाळी धरली, त्यांचं बघून पहिल्या रांगेने धरली, मग हॉलने. मुक्ताने ओढणी खोचली आणि चक्रदार पहिल्यापासून घेतला. पहिला. दम. दुसरा. दम. तिसरा, आणि त्याचा ‘धा’ ओजसच्या समेवर आदळला तेव्हा सगळा हॉल त्या ‘धा’वर एकत्र टाळी देऊन उठून उभा राहिला. मी मंचावर गेलो आणि काय बोलायचं ते विसरलो. माइकसमोर नुसता उभा राहून टाळ्या वाजवत होतो.

पडद्याआड मुक्ता रडत होती. "सर, तुम्ही सांगितलं होतं, पण हाथ अपने आप गेला. मी पहिले त्याच्याकडे बघितलं ना सर, ते फार वाईट वाटलं." ओजस म्हणाला, "मैं तो वहीं था सर, मैं हिला नहीं." काकांनी तिच्या डोक्यावर दोन बोटांनी टकटक केलं, सिलिंडरवर करत तसंच. मग एवढंच म्हणाले, "भरलेलं आहे." तेवढ्यात सचिव आले. सचिवांनी घसा साफ केला. "पुढच्या वर्षी पन्नास मिनिटं ठेवू," ते म्हणाले. "आणि भुसारी जी, अर्ज नका देऊ."

पुढच्या वर्षभरात काकांचे कान गेले. त्यांच्या वडिलांचंही असंच झालं होतं म्हणे. आम्हाला कळलं ते जिलबीच्या शनिवारी. सात वर्षांच्या एका पोराने मुद्दाम चुकवलं आणि हात वर केला. काका हसून म्हणाले, "शाबास," आणि पहिली जिलबी त्याला दिली. त्या पोराने जिलबी हातात धरून ठेवली, खाल्ली नाही. त्या दिवसापासून क्लासमध्ये कुणी खोटी चूक केली नाही. शिकवणं मुक्ता आणि ओजस बघायला लागले. काका भिंतीशी बसत आणि मुलांच्या बोटांकडे बघत.

मी त्यांना मैफलीत शेवटचं पाहिलं ते त्या पन्नास मिनिटांच्या बैठकीला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली आणि हिवाळ्यात ते तिकडेच वारले. पण त्या संध्याकाळी ते तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी होते, तोच झब्बा घालून, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता. त्यांना तबला ऐकू येत नव्हता. ते मुक्ताचे हात बघून मांडीवर टाळी देत होते, आणि आश्चर्य म्हणजे बरोबर देत होते. लय चढली. मुक्ता आणि ओजस दोघं मिळून एक तिहाई घेऊन समेकडे निघाले, सगळा हॉल श्वास धरून बसला, काकांना राहवलं नाही आणि त्यांनी दोन्ही हातांनी खाडकन टाळी दिली. सम अजून एक मात्रा लांब होती.

ती टाळी हॉलभर एकटीच वाजली. आणि सगळ्या माना वळल्या त्या माझ्याकडे! साहजिकच होतं. चुकीची टाळी म्हटली की आमच्या मंडळात दुसऱ्या कुणाचं नावच निघत नाही. पुढच्या रांगेतले तर हसायलाही लागले. मी मनात म्हटलं, चला, बरं झालं, काकांची झाकली जाईल. मी तोंड ओशाळं करून दोन्ही हात मांडीवर ठेवले.

काकांनी त्या वळलेल्या माना बघितल्या. मग माझ्याकडे बघितलं. खुर्चीचा हात धरून ते सावकाश उठून उभे राहिले, उजवा हात सरळ वर केला आणि कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा भल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "माझी!"

मंचावर मुक्ता आणि ओजस न थांबता, वाजवता वाजवताच ओरडले, "परत!"